टेबलावर झोपून सौताड्याचा पाऊस

तपासणीच्या त्या टेबलावर झोपलं की बाईला छताशिवाय दुसरं काही दिसतच नाही. पाय वर अडकवलेले, कमरेवर हिरवी चादर, चादरीच्या पलीकडं डॉक्टर काय करायलेत ते कळत नाही, मग बघायचं काय तर छत. माझ्या पहिल्या वेळच्या छताला पीओपीचं एक मोठं फूल होतं आणि त्याला अकरा पाकळ्या होत्या, हे मला आज तीन वर्षांनंतरही पाठ आहे कारण मी त्या वीस वेळा तरी मोजल्या असतील. शेवटी शेवटी तर डोळ्यात पाणी आल्यामुळं पाकळ्या एकमेकीत मिसळायल्या होत्या.

हे लिहावं का नको असं बरेच दिवस मनात चाललं होतं, कारण माझं लिखाण शाळेतल्या पोरांचे पालक वाचतात, दीर वाचतात, गावाकडचे वाचतात. पण मागच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये आमच्या एक मॅडम शेजारी येऊन बसल्या, आजूबाजूला कुणी नाही ना हे बघितलं आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "ताई, ते दुर्बिणीतून गर्भाची पिशवी बघतात ना, ते लई दुखतं का हो?" बी.एड. झालेली, चाळीस पोरांच्या वर्गात आवाज चढवून शिकवणारी बाई, आणि एवढं विचारायला तिला दार बंद आहे का ते बघावं लागलं. मग म्हणलं लिहूनच टाकू.

तर पहिल्यापासून सांगते. मी लातूरला राहते, शाळेत भूगोल शिकवते, वय आता शेहेचाळीस. तीन वर्षांपूर्वी पाळीचं गणित बिघडलं, पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जायचं, गुठळ्या पडायच्या, दोन तासाच्या वर एका पॅडवर निघायचं नाही. सोनोग्राफी केली तर पिशवीचं अस्तर जाड झालंय म्हणले. डॉक्टर म्हणले, दुर्बीण घालून आतून बघू आणि अस्तराचा बारका तुकडा काढून तपासायला पाठवू, पाच मिनिटांचं काम आहे, भूलबिल काही लागत नाही, ओपीडीतच होतं, तासाभरात घरी. मला तर बरंच वाटलं, सुट्टी टाकायची गरज नाही, खर्च कमी. दुखेल का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. येताना एखादी दुखण्याची गोळी घेऊन या एवढं एक वाक्य कुणी म्हणलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

दुर्बीण म्हणजे हिस्टेरोस्कोप, पेन्सिलीएवढी बारीक नळी, तीन ते पाच मिलिमीटर जाडीची, पुढं कॅमेरा. पिशवी एरवी मिटलेली असते, रिकाम्या पाकिटासारखी, तिच्या भिंती एकमेकीला चिकटलेल्या, म्हणून आत सलाईनचं पाणी सोडून ती फुगवावी लागते तेव्हा कुठं काही दिसतं. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त एवढं कळलं की आत काहीतरी थंड शिरलं आणि ओटीपोटात कुणीतरी ओली गोधडी धरून पिळायला सुरुवात केली. कळ कमरेतून मांडीत उतरली. मी ओरडले. तर सिस्टर म्हणल्या, "अहो ताई, दोन लेकरं झालीत ना तुम्हाला, मग एवढ्याला काय ओरडायलात?" मधेच दार उघडून कुणीतरी फाईल मागायला आलं आणि गेलं. तुकडा काढताना जी कळ आली ती मी शब्दात सांगू शकत नाही, बाळंतकळेची ओळख होती मला पण ती येते-जाते, मधे श्वास घ्यायला जागा देते, ही तशी नव्हती.

उठून बसले तर अंगाला दरदरून घाम, कानात शिट्टी, डोळ्यापुढं अंधारी. तिथंच आडवी झाले. मावशींनी साखरपाणी दिलं, त्या माऊलीचा हात मला अजून आठवतो, तेवढा एकच हात त्या खोलीत माझ्यासाठी होता. पिशवीचं तोंड ताणलं गेलं की काही बायकांची नाडी एकदम मंदावते, बीपी खाली जातं आणि असं चक्कर-घाम होतं, हे सगळ्या डॉक्टरांना माहीत असतं. मला वाटलं मीच भित्री.

रिपोर्टमध्ये वाईट काही नव्हतं. सहा महिन्यांनी परत या, परत बघू, म्हणले.

मी गेलेच नाही. सहा महिने झाले, दिवाळी आली, मग मुलीची बारावी, मग सासूबाईंचा मोतीबिंदू, कारणं काय हवी तेवढी मिळतात. खरं कारण ते फूल होतं, अकरा पाकळ्यांचं. त्या गल्लीतून जायचं म्हणलं तरी पोटात गोळा यायचा. दोन वर्षं अंगावरून जात राहिलं आणि मी रोज गूळ-शेंगदाणे खाऊन स्वतःची समजूत घालत राहिले. शेवटी जिना चढताना धाप लागायली तेव्हा मुलीनं धरून लॅबमध्ये नेलं, हिमोग्लोबिन सात पॉइंट आठ.

मी शिकलेली, नोकरी करणारी, पैसे देऊ शकणारी बाई आहे आणि मी पाच मिनिटांच्या दुखण्याच्या भीतीनं दोन वर्षं डॉक्टरकडं गेले नाही. मग ज्या बाईला रोजंदारी बुडवून, एसटी पकडून, नवऱ्याला पटवून यायचंय ती एकदा असं झाल्यावर परत कशाला येईल? मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. दुखणं पाच मिनिटात संपतं हे खरंय, पण त्याच्यापायी पुढची तपासणी राहते, आणि त्या राहिलेल्या तपासणीत काय वाढत असेल ते कुणाला माहीत.

दुसऱ्या वेळी मुलीनं हट्ट केला म्हणून संभाजीनगरला एका डॉक्टर मॅडमकडं गेलो. माझ्यापेक्षा लहान असतील वयानं. मी खुर्चीत बसल्या बसल्या सांगून टाकलं की मला ते टेबल जमणार नाही, काढायची तर पिशवीच काढून टाका एकदाची. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणल्या, मागच्या वेळी काय काय झालं ते मला पहिल्यापासून सांगा. मी सांगितलं, रडत सांगितलं. मग त्यांनी कागदावर पिशवीचं चित्र काढलं. म्हणल्या, पिशवीच्या तोंडाच्या नसा वेगळ्या मार्गानं जातात, कमरेच्या खालून, आणि पिशवीच्या वरच्या भागाच्या नसा वेगळ्या, त्या वरच्या मणक्यात जातात, म्हणून तोंडाला बधीर करायचं इंजेक्शन दिलं तरी वरची कळ पूर्ण मरत नाही, तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण तासभर आधी गोळी घ्यायची, इंजेक्शन देऊ, सलाईन कोमट करून घेऊ, आणि तुम्ही 'थांबा' म्हणला की मी थांबणार. नकोच वाटलं तर पूर्ण भूल देऊन दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये करू, तोही रस्ता आहे. ठरवा तुम्ही.

ठरवा तुम्ही, हे मला दवाखान्यात पहिल्यांदाच कुणीतरी म्हणलं होतं. मी दोन दिवस मागितले.

आता भाच्याचं सांगते. माझ्या भावाचा मुलगा पुण्यात असतो, कंपन्यांसाठी व्हीआरमधली ट्रेनिंगं तयार करतो, म्हणजे डोळ्याला तो मोठा गॉगल लावला की कामगाराला मशीनसमोर उभं असल्यासारखं दिसतं आणि तो बोट न तुटता शिकतो. त्याला फोनवर सहज सांगितलं तर तो म्हणाला, "आत्या, दुखण्यासाठी पण वापरतात हे, कितीतरी वर्षांपासून." मला वाटलं पोरगं धीर द्यायलंय. पण त्यानं जे पाठवलं ते मी रात्री बसून वाचलं आणि मला ते खरंच फार आवडलं.

अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन म्हणून दोन मानसशास्त्रज्ञ आहेत. भाजलेल्या माणसाची पट्टी बदलणं, मेलेली कातडी खरवडणं हे काम इतकं वेदनेचं असतं की भारी औषधं देऊनही माणूस किंचाळतो. तर 1990 च्या दशकाच्या मधल्या वर्षांपासून त्यांनी या पेशंटांना पट्टी बदलताना गॉगल लावायला सुरुवात केली. त्यांनी पुढं खास बनवलेल्या जगाचं नाव 'स्नोवर्ल्ड', सगळीकडं बर्फ, दरी, पेंग्विन, आणि पेशंटनं काय करायचं तर त्या पेंग्विनला बर्फाचे गोळे मारायचे. भाजलेल्या माणसाला बर्फ! ज्याला हे सुचलं त्याला माझा नमस्कार. 2000 साली त्यांनी भाजलेल्या दोन किशोरवयीन मुलांवरचा अनुभव छापला, आणि 2004 मध्ये मेंदूचं स्कॅनिंग करून दाखवलं की गॉगल लावलेला असताना मेंदूचे दुखणं नोंदवणारे भाग खरोखरच कमी जागे होतात. म्हणजे माणूस नुसता दुखत नाही असं 'म्हणत' नाही, आत तसं होतंही.

कसं होतं ते भाच्यानं असं समजावलं की आत्या, तुझ्या वर्गात एकाच वेळी चाळीस पोरं बोलायली तर तू किती जणांचं ऐकतेस? मेंदूचं लक्षही तेवढंच असतं, मोजकं. डोळ्याला, कानाला, मान वळवण्याला सगळ्याला काम दिलं की दुखण्याकडं बघायला लक्ष उरत नाही. 1965 सालीच मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं होतं की पाठीच्या कण्यात दुखण्याच्या वाटेवर एक दार असल्यासारखं असतं आणि मेंदू वरून ते दार लोटू शकतो. आपल्याकडं लेकराला इंजेक्शन देताना 'ते बघ कावळा' म्हणतात ते हेच की. फक्त हा कावळा चारी बाजूंनी आहे आणि लेकरू शेहेचाळीस वर्षांचं आहे.

आता बायकांच्या तपासणीचं. लंडनमध्ये याच हिस्टेरोस्कोपीवर एक अभ्यास झाला, 2021 मध्ये 'बीजेओजी' या नियतकालिकात आला, चाळीस बायका, काहींना नेहमीसारखं आणि काहींना गॉगल लावून. दुखण्याला शून्य ते दहा असे मार्क द्यायचे. नेहमीसारखं झालं त्या बायकांचा सरासरी आकडा सहा, गॉगलवाल्यांचा तीन पॉइंट सात. भीती-काळजीचा आकडाही कमी. चाळीस बायका म्हणजे काही फार नाहीत, आमच्या एका वर्गाएवढ्याच, आणि नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा फरक दिसलाय असं नाही, काहींत तर जवळपास नाहीच. कोणता गॉगल, आत काय दाखवलं, सोबत गोळ्या-इंजेक्शन काय दिलं, यावर खूप काही अवलंबून आहे. त्यामुळं कुणी 'गॉगल लावा, दुखणारच नाही' म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. गोळी आणि इंजेक्शनच्या ऐवजी गॉगल, असं तर कुणी म्हणलंच तर सरळ उठून या. ते सोबतीनं आहे.

वाचता वाचता आणखी एक कळलं. इंग्लंडमध्येसुद्धा बायकांना हे ओरडून सांगावं लागलंय. तिथं बिनभुलीच्या हिस्टेरोस्कोपीत जीव कासावीस झालेल्या बायकांनी एकत्र येऊन आपापले अनुभव मांडले, मोहीम काढली, वर्षानुवर्षं भांडल्या. 2023 मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं लिहून काढलं की बाईला आधी दुखण्याची कल्पना द्या, भुलीचा पर्याय सांगा आणि सहन होत नसेल तर थांबा. अमेरिकेतही 2024 मध्ये सरकारी आरोग्य संस्थेनं, सीडीसीनं, तांबी बसवण्याआधी बाईशी दुखण्याबद्दल बोला आणि काय काय करता येईल ते सांगा असं डॉक्टरांना सांगितलं. 2024! तांबी बसवायला सुरुवात होऊन किती पिढ्या झाल्या. माझ्या आईला तांबी बसवली तेव्हा तिला कुणी काय विचारलं असेल ते न बोललेलंच बरं.

तर मी भाच्याला म्हणलं, आण बाबा तुझा गॉगल. पण मला बर्फ नको. मी जन्मात बर्फ बघितला नाही, मला त्यात काय गोडी. तो म्हणाला, मग तुला काय बघायला आवडेल? मी विचारसुद्धा केला नाही, तोंडातून निघालं, पाऊस.

मराठवाड्याच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. मी पोरांना दरवर्षी फळ्यावर सह्याद्री काढून, वाऱ्याचे बाण काढून पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवते, आणि त्याच लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी घागर घेऊन रांगेत उभी होते. आमच्यासाठी पाऊस हे नुसतं हवामान नसतं. भाच्याकडं आधीच्या ऑगस्टमध्ये मित्रांबरोबर जाऊन सौताड्याला काढलेला चारी बाजूंनी दिसणारा व्हिडिओ होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात विंचरणा नदी तिथं कड्यावरून खाली पडते, खाली दरीत रामेश्वराचं देऊळ आहे. उन्हाळ्यात गेलात तर नुसता काळा कातळ, पण पाऊस झाला की असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

मॅडमना फोन करून विचारलं. त्यांनी आधी दोन प्रश्न विचारले, फिट येते का कधी, आणि बसमध्ये उलटी होते का? दोन्हीला नाही म्हणलं. मग म्हणल्या आणा, मलाही बघायचंय, पण एक कान उघडा ठेवायचा, मला तुमच्याशी बोलता आलं पाहिजे.

त्या दिवशीची खरी गंमत आता सांगते, कारण हे कुठं लिहिलेलं मला सापडलं नाही. गॉगल अर्धा किलोचा असतो. बसून लावला तर ठीक, पण झोपल्यावर तो नाकावर येऊन बसतो आणि माझा चष्मा आत रुतायला लागला. चष्मा काढून लावला तर थोडं धूसर, पण पाऊसच तो, धूसर चालतो. दुसरं म्हणजे मी पाठीवर झोपलेली, तर गॉगलला वाटलं ही वर आभाळाकडं बघायली, आणि मला धबधबा दिसेचना, नुसते ढग! परत छतच नशिबात आलं की काय असं झालं मला. मी घाबरून म्हणलं, "अरे काहीच नाही दिसत." दाराबाहेर भाचा उभा, आत येऊ शकत नाही, तो बाहेरून ओरडायला, "आत्या, हातातल्या रिमोटचं खालचं बटण दाबून धर!" दाबून धरलं तसं सगळं जग एकदम वळून माझ्या डोळ्यासमोर उभं राहिलं, कडा, पाणी, खाली हिरवी दरी. कुणी करणार असाल तर हे आधी घरी पलंगावर झोपून करून बघा, टेबलावर शिकायची ही गोष्ट नव्हे. मावशींनी वरून स्पिरिटनं पुसून दिला होता आणि तोंडावर कापडी पट्टी लावली होती गॉगलच्या आतून, ते त्यांचं त्यांनीच सुचवलं, घामाचं काय म्हणून.

मग सुरू झालं. मॅडमचा आवाज उजव्या कानात, पाणी डाव्या कानात. "आता इंजेक्शन, टोचेल." टोचलं. मी कड्यावरून किती धारा पडतात ते मोजायला लागले, मोजायची सवय जात नाही. पण धारा सारख्या बदलत होत्या, एक मोजेपर्यंत दोन एक व्हायच्या, आणि मान वळवली की डावीकडं ओल्या शिळेवर छत्री धरलेली एक म्हातारी दिसायची, उजवीकडं पोरं फोटो काढायली. "आता पाणी सोडतेय, पोट आवळल्यासारखं वाटेल." वाटलं. कळ आली, खरोखर आली, मी काही खोटं सांगत नाही. पण ती कळ आणि मी यांच्यामधे काहीतरी होतं. मागच्या वेळी सगळं जग म्हणजे ती कळ होती, या वेळी ती त्या दरीत कुठंतरी खाली होती.

तुकडा काढायच्या वेळी मॅडम म्हणल्या, "आता चिमटा, तीन मोजा." आणि अगदी त्याच क्षणाला त्या व्हिडिओत कुणीतरी मागून खणखणीत आवाजात ओरडला, "भजे घ्या भजे, गरम भजे!" मला इतकं हसू फुटलं की मॅडम म्हणल्या हलू नका. चिमटा बसून गेला होता.

आत बारका पॉलिप होता, मोड आल्यासारखा, तोही त्यांनी तिथंच काढला. सगळं मिळून दहाएक मिनिटं. नंतर त्यांनी विचारलं, दहापैकी किती? मी म्हणलं चार. मागच्या वेळचे? नऊ, आणि ते एक मी लाजेखातर कमी केलं. आता या पाच मार्कांतले गोळीचे किती, इंजेक्शनचे किती, मॅडमनी आधी कागदावर चित्र काढून सांगितल्याचे किती आणि सौताड्याचे किती, हे मला सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही एका बाईवरून. मला एवढं माहितीय की मी सहा महिन्यांनी परत गेले. तारखेच्या दोन दिवस आधीच गेले. हिमोग्लोबिन आता अकराच्या वर आहे.

भाच्यानं जुना एक गॉगल मॅडमकडं ठेवून दिलाय. त्यांच्याशी बोलणं होतं अधूनमधून. त्या सांगतात की सगळ्यांना जमत नाही. एक बाई म्हणली, मला डोळे झाकायचे नाहीत, खोलीत कोण येतंय-जातंय ते मला दिसलं पाहिजे, आणि मला ते शंभर टक्के पटलं, माझ्या पहिल्या वेळी दार उघडून फाईल मागायला आलेला माणूस मला आठवला. अशा बाईला गॉगल लावणं म्हणजे तिची भीती वाढवणं. एकीला गरगरलं, लगेच काढला. एका आजींना विचारलं काय बघायचं, तर म्हणल्या मला तुळजापूरची आई दाखव. ते काही त्या गॉगलात नव्हतं, मग मॅडमनी मोबाईलवर आरती लावून दिली आणि आजी डोळे मिटून पडून राहिल्या. आणि मॅडमचं स्वतःचं म्हणणं असं की ओपीडीत साठ बायका बसलेल्या असताना गॉगल पुसायला, चार्ज करायला, समजावून सांगायला एक माणूस लागतो, तो कुठून आणू? खरंय. पण तीन बायकांना जरी वापरला तरी त्या तिघी परत येतील, हे पण त्याच म्हणल्या.

आमच्या सासरचं गाव कळंब तालुक्यात. सासूबाई सांगतात, त्यांच्या तरुणपणी गावात गाडी यायची, बायकांना तपासायला. ती साधी गाडी नव्हती. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून टाटा हॉस्पिटल, बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून खेड्यापाड्यातल्या 1,31,746 बायकांवर अभ्यास केला, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आधीच कसा पकडायचा याचा. 2009 मध्ये निकाल आला की एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनंसुद्धा, म्हणजे ज्या विषाणूमुळं हा कॅन्सर होतो त्याच्या तपासणीनं, या कॅन्सरनं मरणाऱ्या बायकांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. आज जगभर जी तपासणी करा म्हणतात तिच्या पाठीमागं आपल्या धाराशिवच्या बायका आहेत, नऊवारी नेसून, शेतातलं काम टाकून रांगेत उभ्या राहिलेल्या. मला याचा एवढा अभिमान वाटतो की मी हे वर्गात पण सांगते. सासूबाईंना विचारलं, भीती नाही वाटली? म्हणल्या, "वाटली की. पण ती पोरगी आधी सगळं सांगायची बघ, आता हे करते, आता गार लागंल, आता जरा झोंबंल. आमच्या गल्लीतल्या निम्म्या मी नेल्या मग."

आणि त्याच कळंबच्या शिवेला लागून केज, पलीकडं सगळा बीड जिल्हा. आमच्या शेतात कामाला असलेली एक बाई दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची, तिनं एकोणतिसाव्या वर्षी पिशवी काढली. का, तर अंगावरून जायचं, एकदा तपासून घेतलं, लई दुखलं, आणि तपासणाऱ्यानं सांगितलं की सारखं सारखं असं तपासत बसण्यापेक्षा काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. तिच्यासारख्या किती आहेत ते 2019 मध्ये नीलमताई गोऱ्हे यांच्या समितीपुढं आलं, बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांच्या पाहणीत 13,861 जणींच्या पिशव्या काढलेल्या. त्यात मुकादमाचा दंड आहे, पैसा आहे, रानात पाळी सांभाळायची सोय नाही हे आहे, सगळं आहे, मी ते दुखण्यावर ढकलत नाही. पण मी स्वतः त्या खुर्चीत बसून 'काढून टाका एकदाची' म्हणले होते ना, ते कशामुळं म्हणले ते मला माहितीय. दुर्बीण आणि एक बारका तुकडा एवढ्यावर ज्याचं निदान होतं त्यासाठी अख्खी पिशवी जाते, कारण ती दुर्बीण परत नको असते.

म्हणून स्टाफरूममधल्या मॅडमना मी जे सांगितलं ते इथंही सांगते. तुमची हिस्टेरोस्कोपी असो, तुकडा काढायचा असो, तांबी असो, पिशवीच्या तोंडाची तपासणी असो, आधी विचारा. दुखेल का, किती, गोळी कधी घेऊ, बधीर कराल का, भुलीत करता येईल का, मी थांबा म्हणलं तर थांबाल का. बीपी, दमा, पोटाचा अल्सर, किडनीचं काही असेल तर गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका, डॉक्टरांना सांगून घ्या. सोबत कुणालातरी न्या आणि दार आतून लावायला सांगा, हे मागायला लाजू नका. गॉगल मिळाला तर बघा, नाही मिळाला तर कानात हेडफोन घालून जे आवडतं ते ऐका, माझ्या एका मैत्रिणीनं फोनवर बहिणीशी बोलत बोलत तांबी बसवून घेतली आणि डॉक्टरांनी बोलू दिलं.

स्टाफरूममधल्या त्या मॅडमची तपासणी येत्या गुरुवारी आहे. भाचा म्हणाला मी येतो गॉगल घेऊन, आणि आत्या, या वेळी जरा चांगला व्हिडिओ करून देतो, आवाज साफ करून, तो भजेवाला काढून टाकतो मधून. मी त्याला म्हणलं, बाकी काय करायचं ते कर, भजेवाल्याला हात लावू नकोस.